दसऱ्याला मिटलेली छत्री

सायखेडा,
५ ऑक्टोबर

चि. सौ. संजनास,
आत्याचे अ. आ. वि.

तुझं पत्र दसऱ्याच्या आदल्या दिवशी मिळालं. वाळू पोस्टमन म्हणाला की आता या सगळ्या मळ्यांमध्ये हाताने लिहिलेलं पत्र फक्त आमच्याकडेच येतं, बाकी सगळी सरकारी पाकिटं. त्याला काय सांगू, की माझी भाची स्केचपेनने बोराएवढी अक्षरं काढते म्हणून तर मला वाचता येतात! फोनच्या उजेडाने माझ्या डोळ्यांतून पाणी येतं. आणि फोनवर बोलावं, तर आईला ऐकू यावं म्हणून तो मोठ्या आवाजावर टाकलेला असतो. मग आपली गुपितं थेट गोठ्यापर्यंत जातात.

दसरा नेहमीसारखा झाला. तुझ्या नानांनी छाटणीच्या कात्र्या, कोयते, फवारणीचा पंप असं सगळं ओळीने मांडलं. शेवटी आईने माझी काळी छत्री ठेवली. तिला हळदकुंकू वाहिलं, वर आपट्याचं पान ठेवलं, मग मिटून आपल्या पत्र्याच्या पेटीत घातली आणि किल्ली कमरेला खोचली. आता होळीपर्यंत मी मोकळी. एक्कावन्न वर्षांची झाले, तरी त्या दिवशी मला शाळेला सुट्टी लागल्यासारखं वाटतं. पेठ तालुक्याकडून कामाला आलेल्या नव्या बायका माझे केस बघून मला आजी म्हणतात. त्यांना काय ठाऊक, की हे पांढरे केस आणि पांढऱ्या पापण्या मी जन्मतानाच घेऊन आले! लहानपणी सगळे मला भुरी म्हणायचे, त्यापेक्षा आजी बरं.

एक बारीकसं काम आहे. डाव्या कानाच्या वरच्या कडेला एक खपली धरते. शिवरात्रीपासून आहे. पडते, परत येते, कधी केस विंचरताना रक्त लागतं. काळ्या चष्म्याची दांडी घासत असेल. तू मेडिकलमध्ये दिवसभर औषधांच्या गराड्यात असतेस, तर एखादं मलम नानांबरोबर पाठव.

रोहितरावांना आशीर्वाद. लोभ आहेच, तो पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
सरिता आत्या


एकलहरे,
११ ऑक्टोबर

ती. आत्यास,
संजनाचा शि. सा. न. वि. वि.

मलम पाठवणार नाही. रागाव हवं तर.

शिवरात्र म्हणजे फेब्रुवारी. बोटांवर मोजलं, आठ महिने झाले. आठ महिने जी खपली बरी होत नाही ती चष्म्याच्या दांडीची नसते, आत्या. दांडी उजव्या कानालाही घासते, तिथे का नाही काही? मी डॉक्टर नाही, चिठ्ठी वाचून औषध देणारी बाई आहे, पण एवढं मलाही कळतं की तुझ्यासारख्या कातडीवर अशी जखम दिसली तर ती दाखवायलाच हवी. आमच्या कातडीत रंग असतो ना, तीच तिची छत्री. तुझ्या कातडीला देवाने ती दिलीच नाही, म्हणून तर आजीला द्यावी लागली.

आणि ती छत्री तुम्ही पूजा करून पेटीत ठेवलीत! हे लिहिताना मी तुम्हाला हसणार होते, पण मग आमच्या दुकानात नजर गेली. परवाच मी स्वतः सनस्क्रीनच्या बाटल्या खालच्या कप्प्यात सरकवल्या आणि वर कोल्ड क्रीम मांडलं. मार्चपर्यंत कोणी विचारत नाही, म्हणून. आम्हीही दसराच केला की. शिवाय मागच्या थंडीत तू इथे राहायला आलीस तेव्हा दुपारभर गच्चीत मटार सोलायला तुला कोणी बसवलं? मीच. वर म्हटलं होतं, बघ किती छान कोवळं ऊन आहे.

नाशिकरोडला एक त्वचारोगाच्या डॉक्टरीणबाई आहेत, त्यांच्या चिठ्ठ्या आमच्याकडे येतात. त्यांना विचारून ठेवते. भाऊबीजेला येते तेव्हा कान बघणार आहे. पदराखाली लपवायचा नाही.

माया करतेस तशीच कर, पण माझं ऐकही.

तुझी,
संजना


सायखेडा,
२७ ऑक्टोबर

चि. सौ. संजनास,
अ. आ. वि.

भाऊबीजेला तू मला घरभर शोधत होतीस आणि मी गोठ्यात जाऊन बसले होते. गाईला काही झालं नव्हतं. तू आईसमोर कानाचा विषय काढशील म्हणून मी पळाले. निघताना तू पिशवीत ठेवलेली सनस्क्रीनची बाटली मिळाली. वास चांगला आहे.

आता सांगतेच, म्हणजे तू पुन्हा पुन्हा विचारणार नाहीस. मी डॉक्टरकडे येणार नाही. भीती वाटते म्हणून नाही, म्हणजे वाटते, पण कारण ते नाही.

तू आम्हाला थकलेल्या वयात पाहिलंस. माझ्या लहानपणी होळी झाली की आई मला घराबाहेर पडू देत नसे. खिडकीला गोणपाट. शाळेत जायचं तर ती स्वतः छत्री धरून येणार, शाळा सुटेपर्यंत बाहेर लिंबाखाली बसून राहणार, आणि परत आणणार. शेतातलं काम बुडायचं, त्यावरून घरात बोलणी खायची. पोरी विहिरीवर खेळायच्या तेव्हा मी आतून आवाज ऐकायची. आणि दसरा आला की छत्री पेटीत! मग ते पाच महिने माझे. बोरं गोळा करायला, गोदावरीच्या घाटावर, गव्हाच्या पाटाने अनवाणी. आईला वाटे, जे ऊन चटका देत नाही ते पोरीचं काय वाईट करणार? मला आयुष्यात जे काही सुख मिळालं ते थंडीत मिळालं, संजू, आणि ते आईने दिलं.

आता तुझ्या डॉक्टरीणबाई म्हणतील की याच उन्हाने हे केलं. म्हणजे आईने केलं. ती अठ्ठ्याहत्तरीची आहे. तिला हे ऐकवून मी माझा कान बरा करू? त्यापेक्षा कान राहू दे तसाच.

आपल्यात वाकडं येऊ देऊ नकोस. दोन्ही कानांनी तुझं ऐकते, फक्त एवढं नाही.

तुझी,
आत्या


एकलहरे,
९ नोव्हेंबर

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र मी दुकानाच्या मागच्या खोलीत वाचलं आणि डोळे पुसून बाहेर आले, तर गिऱ्हाइकाने विचारलं की तुम्हालाही सर्दी झाली का.

डॉक्टरीणबाईंना भेटले. त्या म्हणाल्या की ऊब वेगळी आणि किरणं वेगळी. थंडीत ऊब कमी होते म्हणून माणूस जास्त वेळ उन्हात बसतो, बाह्या वर करतो, डोकं उघडं ठेवतो, आणि किरणं मुकाट्याने आपलं काम करत राहतात. चटका बसला तर माणूस सावलीत तरी पळेल. थंडीत कोणी पळत नाही. अल्बिनिझम असलेल्या माणसाला बारा महिने सांभाळावं लागतं, असं त्या दोनदा म्हणाल्या. कानाचं ऐकून त्यांनी लेखणी खाली ठेवली आणि विचारलं की बाई कधी येतात. लवकर आलं तर बहुतेक वेळा छोट्या कामावर भागतं, उशीर केला तर कान जातो, कधी माणूसही.

आजीला दुःख होईल हे खरं. पण तू गेलीस तर तिला काय होईल, हे तू कुठेच लिहिलेलं नाहीस.

जास्त लिहीत नाही. राग आला असेल तर तसं कळव, पण कळव.

तुझी,
संजना


सायखेडा,
१८ डिसेंबर

चि. सौ. संजनास,
अ. आ. वि.

महिनाभर उत्तर दिलं नाही. राग नव्हता, लिहायला तोंड नव्हतं.

यंदा आपली द्राक्षबाग लवकर छाटली होती, म्हणून मणी पिकून त्यांत पाणी उतरायला लागलंय. कागद लावायचं काम चार दिवसांपासून चालू आहे. तुला ठाऊकच आहे, त्या कामात माझा हात कोणी धरत नाही. मला लांबचं दिसत नाही, पण घड बोटांना कळतो. रद्दीचा कागद घडाभोवती फिरवायचा, वरून चिमटायचा, स्टेपलर मारायचा, पुढे. दिवसाला मी दोन बायकांएवढे घड झाकते.

काल मी कडेच्या ओळीत होते, जिथे सकाळपासून ऊन थेट येतं. पेठकडची एक नवीन बाई आहे, संध्या. तिने तुझ्या नानांना विचारलं की थंडीच्या दिवसांत घडाला कागद कशाला, ऊन तर किती मऊ आहे. नाना समजावून सांगत होते की हेच ऊन वाईट. रात्री गारठा आणि दिवसा हे मऊ ऊन, की मणी गुलाबी पडतो, माल बाद होतो. उन्हाळ्यातलं ऊन समोरून येतं, हे लाडीगोडी लावत येतं, म्हणून आधी कडेच्या ओळी झाकायच्या.

संजू, माझे हात थांबले. वीस वर्षं मी थंडीतल्या उन्हापासून घड झाकते आहे, आणि झाकताना माझं डोकं उघडं, कान उघडे, मान उघडी. त्याच ओळीत, त्याच उन्हात. कोणाच्याही डोक्यात आलं नाही. नानांच्या नाही, आईच्या नाही, माझ्याही नाही. मी हातातल्या कागदाकडे पाहिलं, त्यावर कानाचं रक्त लागलं होतं. तो कागद मी घडाला लावला नाही. घडी करून कमरेला खोचला.

मला घेऊन जा. नाताळच्या सुट्टीत रोहितराव मोकळे असतील तेव्हा या. पण आईला सांगायचं की डोळ्यांचा नंबर काढायला नेतोय. ही एक अट माझी मान.

तुझ्या बाटलीतलं सनस्क्रीन आजपासून लावते आहे, कानामागेही. संध्याने विचारलं की हा कसला लेप, मी म्हटलं कागद लावलाय. ती बराच वेळ हसत होती.

माझ्यावरचा जीव तसाच असू दे, आता त्याचीच गरज आहे.

तुझी,
आत्या


एकलहरे,
१२ जानेवारी

ती. आत्यास,
शि. सा. न. वि. वि.

आज रिपोर्ट आला. आधी शेवट सांगते, म्हणजे तू बसल्या जागी घाबरणार नाहीस. कानाचा जो तुकडा काढला त्याच्या कडा स्वच्छ आहेत. सगळं निघालं. पहिल्या तपासणीत निघाला होता तो कॅन्सरच, हे तुला माहीत आहे, पण तो कातडीतच होता, पुढे सरकला नव्हता. डॉक्टरीणबाई म्हणाल्या की अजून वर्षभर थांबला असतात तर मी हे इतक्या सहज बोलले नसते. मी त्यांच्यासमोर रडले. तू मात्र कान बधिर करायची सुई टोचताना त्यांनाच विचारत होतीस की तुमच्याकडे द्राक्षं कोण आणून देतं. धन्य आहेस.

रोहित म्हणतो की आत्या चार दिवस राहून गेली तर घर रिकामं वाटतं. तू केलेल्या मेथीच्या लाडवांचा डबा त्याने एकट्याने संपवला, हे तेवढ्यासाठीच लिहिलं.

आता ऐक. पूर्ण बाह्या, मानेवर रुमाल, सकाळी दहा ते चार शक्यतो सावली, सनस्क्रीन बाहेर पडायच्या आधी आणि मग दर दोन-तीन तासांनी, ओठांनासुद्धा. दर सहा महिन्यांनी दाखवायला यायचं. आणि छत्री. रुंद काठाची टोपी पाठवते आहे, पण मोकळ्यावर छत्रीला पर्याय नाही.

ती छत्री पेटीत आहे आणि पेटीची किल्ली आजीच्या कमरेला. नवी आणून पाठवली तर आजी विचारणार की जुनीला काय झालं. किती वर्षं डोळ्यांचा नंबर काढत राहशील? मी तुझी अट पाळली. आता मला वाटतं की तूच किल्ली मागावीस. माझ्या तोंडून तिने ऐकण्यापेक्षा तुझ्या तोंडून ऐकू दे.

परवा संक्रांत. तिळगूळ घे, आणि माझ्याशी नाही बोललीस तरी चालेल, आजीशी बोल.

तुझी,
संजना


सायखेडा,
२६ जानेवारी

चि. सौ. संजनास,
आजी चतुराबाईचे अनेक आशीर्वाद.

हे पत्र आई सांगते आहे आणि मी लिहिते आहे. तिची ताकीद आहे की ती बोलते तसंच उतरवायचं, मध्ये शहाणपणा करायचा नाही आणि शेवटी वाचून दाखवायचं. तर पुढचं सगळं तिचं.

संजे, तुझी आत्या खाली मान घालून लिव्हतीय. लिव्हू दे. तिला वाटत व्हतं आईला काय कळत नाय. आगं, डोळ्याचा नंबर काढायला जाऊन कानाला पट्टी बांधून आलेली बाई म्या पयल्यांदाच पाह्यली. उशीच्या खोळीवर रगताचा ठिपका तं म्या आषाढातच पाह्यला व्हता. पर म्या बी गप ऱ्हायले. इचारलं आसतं तं ती खोटं बोलली आसती, आन मला ते खरं मानावं लागलं आसतं. दोघी बी भित्र्या.

संक्रांतीच्या दुसऱ्या दिशी तिनं किल्ली मागितली. म्या म्हणलं, होळी कुठं आली आजून? मंग तिनं समदं सांगितलं. आन तो रगताचा कागद दाखवला. दोन दिस म्या जेवले नाय. हे ती लिव्हनार नाय म्हणून सांगते, लिव्ह गं. ज्या हातानं छत्रीला हळदकुंकू वाह्यलं तेच हात बघत बसले. तुझा बाप बहिरू बी माझ्यापुढं आला आन म्हणला की आई, म्या इतकी वर्सं घड झाकले आन भईन उघडी ठेवली. लय रडला तो.

लोक म्हणतील म्हातारीला ठाऊक नव्हतं. नव्हतंच ठाऊक. पर एक गोष्ट म्या कोणाला सांगितली नाय, ती तुला सांगते. छत्री म्या उन्हाचं बघून मिटीत नव्हते. ही चार वर्साची व्हती तव्हा पयल्यांदा दसऱ्याला छत्री मिटली. सात म्हयने आंधाऱ्या घरात बसलेलं लेकरू आंगणात आलं, हात पसरून गरागरा फिरलं आन हासलं. तसं हासताना तिला म्या आधी कवाच पाह्यलं नव्हतं. ते हासणं बघाया म्या दर साल छत्री मिटत आले. दुसरं काय द्यायला व्हतं माझ्याकडं?

काल रथसप्तमी झाली. तुळशीपुढं रांगोळीचा सूर्य काढला, गवऱ्या पेटवल्या, दूध उतू घातलं. मंग पेटी उघडली. सूर्यनारायणाला हात जोडून म्हणलं, देवा, तुझ्याबिगर द्राक्षाला गोडी नाय, तुझ्यावर माझा राग नाय. पर लेकरू माझं हाय. आता तुझ्या आन तिच्या मधी बारा म्हयने छत्री ऱ्हाईल. वाईट वाटून घेऊ नको. आन वाटलंच तं माझ्यावर रुस, तिच्यावर नको.

छत्रीची एक काडी गंजलीय. नवी धाड. दोन धाड. ती कडेच्या वळीत कागद लावती तव्हा म्या मागं छत्री धरून उभी ऱ्हाते. बहिरू म्हणतो आई तू पडशील. पडंन तं पडंन. शाळेच्या लिंबाखाली बसत व्हते तव्हा बी लोक आसंच म्हणायचे.

तू माझ्या पोरीला वढून नेलं, लय चांगलं केलं. तुझ्या घरी सुख ऱ्हावो. झालं, आता वाच.

आईला वाचून दाखवलं. दोनदा. ती आता गाईंना पाणी दाखवायला गेली आहे, म्हणून पुढचं माझं.

कान भरून आला आहे. कडेला थोडी खाच राहिली, चष्म्याची दांडी तिथे नीट बसते. पेटी उघडीच आहे, आई आता तिच्यात तांदूळ ठेवणार म्हणते. किल्ली मात्र कमरेलाच आहे, सवय म्हणून.

एक गोष्ट आईने सांगितली नाही, कारण तिला बहुतेक ती सांगता आली नसती. काल तुळशीपुढे तिने छत्री उघडली तेव्हा गंजलेली काडी कुरकुरली आणि आत राहिलेलं आपट्याचं वाळकं पान तिच्या डोक्यावर पडलं. ते तसंच केसांत घेऊन ती माझ्या डोक्यावर छत्री धरायला लागली. मी तिच्याहून वीतभर उंच. अठ्ठ्याहत्तरीची बाई टाचा उंचावून उभी, छत्री माझ्या कपाळाला टेकलेली, आणि तोंडाने सूर्याशी बोलणं चालूच. मला हसू आवरेना. उघड्या छत्रीखाली मी पोट धरून हसले, संजू.

आई बोलायची थांबली. माझ्या तोंडाकडे बघत राहिली. मी म्हटलं की दे, मी धरते. तिने दिली नाही.

अशीच जवळ राहा, बाळा.

तुझी,
सरिता आत्या